बाबांच्या हातातली हायब्रिड

हायब्रिड गाडी पर्यावरणासाठी खरंच चांगली असते का, हा विषय मी तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी निवडला तेव्हा तो मला सोपा वाटला होता. वर्गातल्या बाकीच्यांना नाल्यांचं पाणी बाटल्यांत भरायला, कारखान्यांच्या परवानग्या मिळवायला लांब लांब जावं लागणार होतं. माझं सगळं घरात होतं. माझे बाबा रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होते, आणि डॉक्टरांनी नुकतीच जुनी डिझेल गाडी देऊन नवी हायब्रिड घेतली होती. पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवर चालणारी मोटार, दोन्ही एकाच गाडीत. जुनी गाडी बाबांनीच चालवली होती, नवीही तेच चालवणार होते. रस्ते तेच, माणूस तोच, फक्त गाडी बदलली. यापेक्षा चांगली तुलना कुठे मिळणार, असं मी पहिल्या पानावर लिहिलं होतं. ते पान आता माझ्याच्यानं वाचवत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आई चौथीपर्यंत शिकली, बाबा आठवीपर्यंत. बाबांचं गाव नरखेड तालुक्यात. लग्नाआधी ते संत्र्याच्या ट्रकवर होते. बागांमधून माल भरायचा आणि सातपुड्याचे घाट चढून मध्य प्रदेशात पोचवायचा. त्या ट्रकचे मालक खेपेला मोजून डिझेल द्यायचे, म्हणून जुन्या ड्रायव्हरांनी नव्यांना पहिली गोष्ट शिकवली ती उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडायची. गिअर काढला की इंजिन नुसतं गुरगुरतं आणि गाडी आपल्या वजनानं घरंगळत जाते. धोक्याचं काम आहे. पण बाबांचा त्यात हात बसला होता. नागपुरात आल्यावरही त्यांची ती सवय गेली नाही. वर्धा रोडवर दूरचा लाल दिवा दिसला की ते गिअर काढायचे आणि गाडी अशी सोडायचे की ती आपोआप हळू होत होत पांढऱ्या पट्ट्याजवळ येऊन थांबायची. ब्रेक जवळजवळ लागायचाच नाही. उड्डाणपुलाच्या उतारावरही तेच. "गाडीले पळवाचं नसते," ते म्हणायचे, "सोडाचं असते." जुन्या गाडीचं डॉक्टरांच्या ओळखीत कोणापेक्षाही जास्त अॅव्हरेज निघायचं आणि डॉक्टर ते चारचौघांत सांगायचे. बाबांच्या आयुष्यात त्यांचं कौतुक झालेली बहुधा ती एकच गोष्ट होती.

नवी गाडी आणली त्या दिवशी शोरूमच्या माणसानं डॉक्टरांना आणि त्यांच्या पत्नीला, मॅडमना, आत बसवून तासभर सगळं समजावलं. बाबा बाहेर नारळ आणि चार लिंबं घेऊन उभे होते. मग चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आणि बाबांनी गाडी घरी आणली. त्यांना समजावायला कोणी बसलं नाही. बसावं असं कोणाला वाटलंही नसेल. ज्यानं घाटातून ट्रक उतरवले त्याला बिनक्लचची गाडी काय शिकवायची?

पण बाबांना शिकायचं होतं. दुसऱ्याच आठवड्यात ते गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी घेऊन आले.

"डॉक्टरसाहेब म्हनले, घिऊन जा, पोरगी शिकते न तुमची. दोन दिवसांत वापस द्याचं हाये." त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं, हात पुसून. "तुह्या प्रोजेक्टचं बी होईन. आन् मले सांग, चालवाचं कसं लिहिलं हाये त्याच्यात."

मी दोन दिवस ते पुस्तक उलटंपालटं केलं. बॅटरी कुठे असते, मोटार कधी चालते, इंजिन कधी बंद होतं, याच्या आकृत्या उतरवून घेतल्या. ब्रेक दाबला किंवा उतार लागला की चाकांच्या फिरण्यातून वीज तयार होते आणि बॅटरीत परत जाते, हे मला फार आवडलं. त्यासाठी मी अख्खं एक पान केलं, हिरव्या बाणांचं. चालवण्याचं प्रकरण लांबलचक होतं. दर पानावर त्रिकोणातल्या सूचना, अनेक शब्द मला कळत नव्हते आणि शोधत बसायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर कळत नाही हे मला बाबांसमोर म्हणायचं नव्हतं. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. गॅसचं पत्र आलं, दवाखान्याचा रिपोर्ट आला, की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. तेव्हा मी जे सांगते तेच त्या कागदात लिहिलेलं असतं.

पुस्तक परत नेताना बाबांनी विचारलं, "मंग? काय म्हनते बुक?"

"साधीच आटोमॅटिक हाये, बाबा. क्लच नाई फक्त. बाकी तेच."

"न्यूट्रल हाये न?"

"हाये. एन म्हणून लिहिलं असते, थेच."

"हां, मंग झालं," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी आकडे गोळा केले. म्हणजे बाबांनीच केले. पंपावर पेट्रोल भरलं की ते एका छोट्या डायरीत किलोमीटर आणि लिटर लिहायचे. अक्षर मोठं आणि वाकडं, पण एक दिवस चुकवला नाही. मॅडमनी एकदा विचारलं की हे काय लिहिता, तर म्हणाले, पोरीच्या कॉलेजचं आहे. जुन्या गाडीची डायरी त्यांच्याकडे होतीच, ती त्यांनी हौसेनं आधीपासून ठेवलेली.

मे महिन्यात मी कधीकधी त्यांचा डबा घेऊन हॉस्पिटलच्या गल्लीत जायची. आधीच्या उन्हाळ्यांत बाबा गाडी बंद करून बाकीच्या ड्रायव्हरांबरोबर कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसलेले दिसायचे. डॉक्टर जिन्यावर दिसले की पळत जाऊन गाडी चालू करायची. आता ते गाडीतच असायचे, काचा वर, एसी चालू. मॅडमनी सांगितलं होतं की साहेब ऑपरेशन करून दमून येतात, गाडी गार असली पाहिजे. आणि आता तर आवाज नाही, धूर नाही, मग बंद कशाला करायची? बाबा गिअरचा दांडा एनवर ठेवायचे, हँडब्रेक लावायचे आणि दोन दोन तास बसून राहायचे. मधून मधून इंजिन आपोआप सुरू व्हायचं आणि बंद व्हायचं.

एकदा मी गेले तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांचा ड्रायव्हर काचेवर टकटक करत होता.

"का गा, तुही गाडी चालू हाये का बंद हाये, समजतच नाई बापा."

"चालू हाये," बाबा काच खाली करून म्हणाले.

"मंग आवाज?"

"आवाज नाई करत ते. समजदार हाये."

"मंग माह्या साहेबाले बी हेच बॅटरी बसवून दे न गा. सकाळपासून बोंबलून राहिला."

ओट्यावरचे सगळे हसले. एक म्हणाला, "त्याचा डॉक्टर आता पर्यावरणवाला झाला. उद्या या कडूलिंबाच्या झाडाले सलाईन लावते पाह्य!"

बाबाही हसले. मग मला म्हणाले, "ये वं, बस दहा मिनटं आत. थंडी वाजन पाह्य." बाहेर डांबर चिकट झालं होतं आणि आत खरोखर थंडी वाजत होती. मी मागच्या सीटवर बसून वहीत तारीख लिहिली. गाडी उभी असताना एसी चालू आहे हे मी त्या दिवशी लिहिलं नाही. मला तेव्हा ते आकड्यांमध्ये धरायचं असतं हे सुचलंच नाही. मी बहुतेक गार हवेचा आनंद घेत होते.

आकडे हाती आले तेव्हा मी दोनदा तपासले. हायब्रिडचं अॅव्हरेज कंपनीनं सांगितलेल्याच्या निम्म्याच्या थोडं वर होतं. जुन्या डिझेल गाडीपेक्षा फारसं चांगलं नव्हतंच. मी आलेख काढला. दोन रेषा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या.

आमचे मार्गदर्शक सर तो आलेख बघून खुर्चीतून उठले. "हेच तर पाहिजे! लोक जाहिराती बघून गाड्या घेतात, आणि तू प्रत्यक्ष नागपूरच्या रस्त्यावरचं सत्य दाखवलंस." त्यांनी मला पोस्टर करायला लावलं. विभागाच्या प्रदर्शनात ते मधल्या भिंतीवर लागलं. मोठ्या अक्षरांत शीर्षक, खाली दोन रेषा. लोक येऊन थांबत होते, मला प्रश्न विचारत होते, आणि मी उत्तरं देत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला माना डोलत होत्या. त्यात मी आणखी एक गोष्ट जोडली होती. गावाकडे एका लग्नाला गेले असताना डॉक्टरांची जुनी गाडी मला नरखेडच्या स्टँडबाहेर दिसली होती. मागच्या काचेवर बाबांनी चिकटवलेलं देवीचं स्टिकर तसंच होतं. आता ती गावोगावच्या सवाऱ्या भरून चालत होती, दहा-बारा माणसं आत, दोघं मागे लटकलेले, आणि काळा धूर. म्हणजे नवी गाडी आली तरी जुनी कुठे गेलीच नव्हती. नागपूरची हवा सोडून ती नरखेडच्या हवेत गेली होती, इतकंच. हे मी प्रदर्शनात सांगितलं तेव्हा एका बाईंनी माझा हात हातात घेतला.

बाबा पोस्टर बघायला आले होते. त्यांनी त्यातलं काही वाचलं नाही, पण खाली बारीक अक्षरांत "माहिती संकलन" लिहून त्यांचं नाव होतं, त्यावर बोट फिरवलं. मोबाइलमध्ये फोटो काढला. आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो डॉक्टरांना दाखवला.

"साहेब, पाहा. माह्या पोरीनं तुमच्या गाडीचं केलं."

हे मला आईनं नंतर सांगितलं. डॉक्टरांनी फोटो मोठा करून बघितला. ते फार कामात असतात, अॅव्हरेज त्यांनी या गाडीचं कधी बघितलंच नव्हतं. आता ते आलेखावर होतं, स्वच्छ. त्यांनी तो फोटो स्वतःकडे मागून घेतला. त्यांच्या एका मित्राकडे तीच गाडी होती, तो ती स्वतः चालवायचा, आणि त्याला पुष्कळ जास्त मिळत होतं. मित्र काय म्हणाला असेल ते मला कोणी सांगितलं नाही. पण नागपुरात ड्रायव्हर ठेवणाऱ्या माणसाला गाडी पेट्रोल जास्त खाते असं कळलं की पहिला विचार एकच येतो, ड्रायव्हर पेट्रोल काढून विकतो.

त्यानंतर पंपावर मॅडम सोबत जायला लागल्या. मग गाडी लावताना किलोमीटरचा फोटो त्यांना पाठवायचा ठरलं. बाबांनी डायरी लिहिणं थांबवलं. मी विचारलं तर म्हणाले, "आता फोटो असते न, मंग लिहून काय करता." तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी त्यांना घरात बोलावून चहा दिला. म्हणाले की गाडी ऑटोमॅटिक आहे, आम्ही दोघंही आता स्वतःच चालवायचं म्हणतोय, तुम्ही खूप वर्षं केलंत. महिना पूर्ण व्हायचा होता तरी पूर्ण पगार दिला.

बाबा त्या दिवशी दुपारीच घरी आले. आई घाबरली. "काहून जी, एवढ्या लवकर?"

"झालं," ते म्हणाले. "साहेब आता स्वताच चालवतीन."

"काही बोलले का?"

"नाई. चाय पाजला." चपला काढत म्हणाले, "कोनं काही म्हटलं नाई. पर मी डब्याची थैली मांगं ठेवतो न, मॅडम परवा त्याच्यात वाकून पाहून राहिली होती. मी पाह्यलं." मग आईकडे बघून, "मी घेतलं नाई न? मंग झालं. आपलं मन साफ हाये."

आणि खरंच, त्यांनी ते पेललं. पाच-सहा दिवसांनी ते दाढी करून दुसरं काम शोधायला बाहेर पडायला लागले. ओळखीतल्यांना सांगायचे, साहेबांनी स्वतः चालवायचं ठरवलं. मान ताठ असायची. हे मला आता परत परत आठवतं. तेव्हा सगळं संपलं असं मला वाटत होतं, पण तेव्हा ते ठीक होते.

मी ठीक नव्हते. माझ्या आलेखानं बाबांचं काम घालवलं हे मला झोपू देत नव्हतं. बाबा पेट्रोल काढणार नाहीत हे मला माहीत होतं. मग पेट्रोल गेलं कुठे? एक दिवस कॉलेजच्या वाचनालयात बसून मी मोबाइलवर त्या गाडीचं पुस्तक शोधलं आणि चालवण्याचं प्रकरण पहिल्यापासून वाचायला घेतलं, प्रत्येक अडलेला शब्द शोधत. दोन तास लागले. दोन तासांत जमणारं काम होतं ते.

एका त्रिकोणाखाली लिहिलं होतं की दांडा एनवर असताना इंजिन चालू असलं तरी बॅटरी चार्ज होत नाही. गाडी उभी असताना फार वेळ एनवर ठेवू नका. चालत्या गाडीत एनवर घालू नका.

माझ्या बाणांच्या पानावर सगळं होतं. उतारावर, थांबताना, चाकांतून वीज परत जाते. आणि बाबा उतारावर, थांबताना, गाडी सोडून देतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वर्षभर शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि मी त्यांची ओळख करून दिली नव्हती. जुन्या गाडीला जे वाचवणं होतं तेच नव्या गाडीला सांडणं होतं. दर सिग्नलला, दर पुलाला, वर्षभर. त्यात दोन दोन तासांचा एसी. किती हातानं गेलं आणि किती एसीनं, हे आता मोजता येणार नाही.

मला वाटलं, सापडलं. बाबा निर्दोष आहेत याचा पुरावा सापडला. घरी न सांगता मी तशीच रामदासपेठेत गेले. रिकाम्या हातानं निरोप नेण्यापेक्षा काम परत मिळवूनच बाबांना सांगू, असा माझा विचार होता. दार मॅडमनी उघडलं आणि क्षणभर त्यांना कळेना मी कोण. डॉक्टर हॉस्पिटलला निघत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पुस्तकातलं ते पान दाखवलं. आमच्याकडून काही चोरी झाली नाही, असंही म्हणाले. हा शब्द त्यांच्या घरात आधी कोणीच उच्चारला नव्हता. तो मी उच्चारला.

डॉक्टर वाईट माणूस नाहीत. त्यांनी ते पान वाचलं, कपाळावर हात मारला. "अरे, हे आम्हीच त्यांना सांगायला हवं होतं. शोरूमवाल्यानं मला सांगितलं होतं बहुतेक." मॅडम खाली बघत होत्या. आणि डॉक्टरांनी तिथेच, माझ्यासमोर, बाबांना फोन लावला.

"भाऊ, नमस्कार. अहो, तुमची मुलगी आलीय इथे. फार हुशार आहे. तिनं शोधून काढलं. तुम्ही गाडी न्यूट्रलला टाकत होता ना, त्यानं चार्जिंगच होत नव्हतं. चुकीचं चालवलं जात होतं वर्षभर. तुमचा दोष नाही हो, कोणी शिकवलंच नाही. या उद्यापासून. मी स्वतः शिकवतो तुम्हाला."

डॉक्टर "हॅलो, हॅलो" म्हणाले. मग त्यांना "हो साहेब" ऐकू आलं असावं, कारण त्यांनी हसून फोन ठेवला.

मी बसनं घरी आले. बाबा पलंगावर बसले होते, आई दारात. आईनंच सुरुवात केली. "तुले कोनं सांगतलं वं तिकडे जाले?"

"आई, त्यायले वाटत होतं का बाबानं…"

"वाटू दे न! काय फरक पडत होता?"

"राहू दे," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "ते पिवळी अक्षरं येत जात होती."

"कोनती?"

"समोरच्या पडद्यावर. उभी असली का येत जात. इंग्रजीत. मले वाटे बेल्टाचं असन, नाईतं दरवाज्याचं. बटन दाबलं का जात."

"मंग मले काहून नाई दाखवलं, बाबा? फोटो काढला असता."

"तुही परीक्षा होती." त्यांनी पलंगावरची चादर सरळ केली. "आन् तू सांगतलं होतं न, साधीच हाये म्हणून."

ते रागानं बोलले नव्हते, नुसती आठवण सांगत होते. मला वाटतं त्यांनी ते म्हणताना माझ्याकडे बघितलंही नाही.

मी म्हणाले, उद्या जा, साहेबांनी बोलावलं आहे. त्यांनी तळहात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाले, "चोर समजत होते तं बरं होतं, पोरी. चोराले निदान गाडी तं चालवता येते."

ते गेले नाहीत. डॉक्टरांचा दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा बाबांनी तो आईला उचलायला सांगितला. दुसऱ्या कोणाची गाडीही त्यांनी धरली नाही. गावाकडून एका मालवाहू गाडीसाठी विचारणा आली होती, साधा गिअरचा टेम्पो, त्यात काहीच नवं नव्हतं. म्हणाले, नको. मी म्हटलं की ती गाडी वेगळी, यात तुमचंच बरोबर ठरेल. तर म्हणाले, "आता मले काय बरोबर हाये ते समजत नाई." हल्ली ते एका अपार्टमेंटच्या गेटवर बसतात. गाड्या आल्या की उठून फाटक उघडतात.

प्रकल्पाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आलेख परत एकदा बघितला. मग म्हणाले, "आकडे खोटे नाहीत ना? मग राहू दे. असे ड्रायव्हर भारतात लाखो असतील. तेही वास्तवच आहे." त्यांचं चूक होतं असं मला आजही खात्रीनं म्हणता येत नाही. पण त्या दोन रेषा मला गाडीच्या रेषा वाटेनाशा झाल्या होत्या. मी शेवटी एक परिच्छेद जोडला: ही तुलना दोन गाड्यांची नसून एका माणसाच्या सवयीची आहे, आणि त्या माणसाला चुकीची माहिती संशोधकाकडून मिळाली होती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि विचारलं, "मग तुमचा निष्कर्ष काय? हायब्रिड चांगली की नाही?"

"सांगता येत नाही, सर," मी म्हणाले.

"तीन वर्षं शिकून सांगता येत नाही?"

मला म्हणायला हवं होतं की प्रश्नच बहुतेक असा नाही. गाडी चांगली असली तरी ती उभी असताना थंडगार ठेवणारे आपण आहोत. जुनी गाडी मोडीत जात नाही, गरिबाच्या गावी जाते. चांगली वस्तू आली की तिचं पुस्तक एका भाषेत असतं आणि तिला हात लावणारा दुसऱ्या भाषेत जगतो. नागपूर दर उन्हाळ्यात जास्त तापतं, आणि जास्त तापलं की आणखी काचा वर होतात, आणखी एसी लागतात. यात मी हिरव्या बाणांचं एक पान केलं होतं. पण हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यानं काय झालं असतं? मी पास झाले. गुण साधारण.

निकालानंतर एका संध्याकाळी बाबा कूलरमध्ये पाणी भरत होते. ड्युटीला जायची वेळ झाली होती. पाईप हातात धरून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "एक इचारू का वं?"

"इचारा न, बाबा."

"तू तं सारं लिहिलं. मंग ते गाडी खरंच चांगली हाये का नाई?"

माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. बॅटरीसाठी जमीन खणतात, ते सांगता आलं असतं. नरखेडच्या धुराचं, एसीचं सांगता आलं असतं. सगळं खरं होतं. पण त्यातलं मी जे काही उचललं असतं ते त्यांना बरं वाटावं म्हणून उचललं असतं, आणि ते त्यांना कळलं असतं. एकदा मी त्यांना न वाचता उत्तर दिलं होतं.

"नीट चालवली तं चांगली हाये, बाबा," मी म्हणाले.

"हं."

पाणी कडेपर्यंत आलं तरी ते पाईप धरून होते. "मंजे माह्या हातानंच खराब झालं."

"तसं नाई. ते जुनी गाडी पाहा न, अजूनही तिकडे धूर सोडत…"

"ते नको सांगू," ते म्हणाले. "ते सर्व्यायचं हाये. मी माहं इचारून राहिलो."

त्यांनी नळ बंद केला, खुंटीवरचा ड्युटीचा निळा शर्ट काढून घातला, बटणं वरपासून खालपर्यंत लावली आणि चालत निघाले.